काळा, काळी, काळं : एका शब्दाचा अर्थ लावायची रीत

“काळीत ज्वारी पेरली, काळीपिवळीने तालुक्याला गेला, रात्री काळी एकमध्ये भजन म्हटलं आणि घरी येऊन काळ्या मसाल्याची आमटी ओरपली.” सोलापूर-लातूरकडच्या कुणालाही हे वाक्य विचित्र वाटणार नाही. पण रंगांचा तक्ता पाठ करून मराठी शिकलेल्या माणसाची इथे चारही ठिकाणी दांडी उडते. पहिली काळी म्हणजे जमीन, दुसरी जीप, तिसरी पेटीची पट्टी. चौथ्या ठिकाणी खरोखर विशेषण आहे, तर तो मसाला रंगाने तपकिरी.

भाषांतर करणारे, चित्रपटांना उपशीर्षकं देणारे, परदेशात घरच्या मुलांना मराठी शिकवणारे आईबाप, पाककृती लिहिणारे अशा सगळ्यांना हा शब्द कधी ना कधी अडवतो. कोशात अर्थांची यादी मिळते. यादीतला कोणता उचलायचा, हे वाक्यावरून ठरवावं लागतं. त्यासाठी काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारले तर बहुतेक गाठी सुटतात.

पायरी १ : शब्द रंगाचाच आहे ना?

मराठीत ‘काळ’ आणि ‘काळा’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि विभक्ती लागली की ते एकमेकांसारखे दिसू लागतात. ‘एके काळी’, ‘त्या काळी’, ‘सकाळी’, ‘संध्याकाळी’ यांत वेळ आहे, रंग नाही. ‘एके काळी एक राजा होता’ याचं चित्र काढताना नवशिकं मूल राजाला काळं रंगवतं, त्यात त्याची काही चूक नसते.

ओळखायची खूण सामान्यरूपात आहे. ‘काळ’चं सामान्यरूप ‘काळा-’ : काळाने, काळात, काळाच्या ओघात. ‘काळा’चं सामान्यरूप ‘काळ्या-’ : काळ्याने, काळ्यात, काळ्या पाटीवर. म्हणजे ‘य’ जोडलेला दिसला तर रंग, नाही तर वेळ किंवा मृत्यू. अपघाताच्या बातमीत हमखास येणारं ‘काळाने घाला घातला’ हे मृत्यूचं आहे. काळीज आणि काळजी या शब्दांत रंग शोधायला जाऊ नये.

आडनाव हा आणखी एक चकवा. काळे काकू कधीही ‘काळ्या काकू’ होत नाहीत. आडनाव लिंगाप्रमाणे बदलत नाही. जुन्या वळणाने ‘काळ्यांकडे जेवायला जायचंय’ म्हणतात, नव्या पिढीत ‘काळेंकडे’ रुळलंय. लिहिताना दुसरं वापरावं, निदान गैरसमज तरी टळतो.

स्थळनामांत नियम चालत नाही, एकेकाची हकिगत माहीत असावी लागते. नाशिकच्या काळाराम मंदिराचं नाव काळ्या पाषाणाच्या मूर्तीवरून पडलं, आणि त्याच शहरात गोराराम मंदिरही आहे. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला तो या काळारामापाशी. मुंबईच्या काळा घोडा भागाला नाव मिळालं ते सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. स्वार गेला, घोडा गेला, नाव तेवढं जागचं हललं नाही. २०१७ मध्ये तिथे बिनस्वाराचा नवा घोडा उभा केला गेला.

पायरी २ : शेजारी नाम आहे, की शब्द एकटाच उभा आहे?

सगळ्यात जास्त उलगडा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

शेजारी नाम असेल तर ‘काळा’ हे साधं विशेषण: काळा घोडा, काळी पाटी, काळं मांजर. पण नाम गळून गेलं आणि विशेषण एकटं उरलं, तर त्याचं लिंग अर्थ ठरवतं. ‘काळी’ एकटी आली तर जमीन किंवा पेटीची पट्टी. ‘काळं’ एकटं आलं तर काजळी, डाग, बट्टा. ‘काळा’ किंवा ‘काळ्या’ एकटा आला तर बहुतेक वेळा माणूस, आणि तोही हिणवून.

नाम बनलेली ‘काळी’ ओळखायची सोपी खूण आहे. विशेषण असेल तर विभक्तीपूर्वी ‘काळ्या’ होतं: काळ्या मातीत, काळ्या टॅक्सीने. नाम झालं की ‘काळी’ तशीच राहते: काळीत, काळीला, काळीपिवळीने. ‘काळीत हरभरा चांगला येतो’ असं वाचलं की जमीन समजावी.

ही काळी म्हणजे दख्खनच्या पठारावरची चिकण, ओल धरून ठेवणारी जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून बेसॉल्ट तयार झाला आणि त्याची झीज होऊन ही माती बनली. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते आणि खालीवर होते, म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात. परतीच्या पावसाची ओल ती पोटात धरते, त्यावर रब्बीची ज्वारी निघते; मंगळवेढ्याची ज्वारी नावारूपाला आली ती या जमिनीच्या जोरावर. शेतकरी तिला ‘काळी आई’ म्हणतो तेव्हा तो रंगाची तारीफ करत नसतो. इथे ‘काळी’ म्हणजे कसदार. ‘काळी आई विकली’ याचं भाषांतर करताना रंगाचा शब्द सरळ गाळून ‘जमीन’ आणि ‘आई’ ठेवावेत.

या काळीची जोडीदारीण ‘पांढरी’. गावाचे दोन भाग: पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी, म्हणजे गावठाण. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हे दोन्ही शब्द भेटतात. शेकडो वर्षांची वस्ती असलेल्या जागी राख, शेण, चुना, पडक्या भिंतींची माती साचून जमिनीला फिकट रंग येतो, म्हणून पांढरी. जुन्या वस्तीचा माग काढताना पुरातत्त्वाचे अभ्यासक पांढरीची टेकाडं पाहतात ती त्यामुळेच. दोन्ही शब्द एकत्र दिसले की रंग विसरायचे आणि शेतजमीन व वस्ती असा अर्थ घ्यायचा. जुन्या दस्ताचं लिप्यंतर करणारे इथे फार घसरतात.

दुसरी ‘काळी’ पेटीवरची. आपल्याकडे स्वरांच्या पट्ट्यांना रंग आणि क्रमांकाने हाक मारतात. पांढरी एक हा पाश्चात्त्य ‘सी’ धरला, तर काळी एक म्हणजे ‘सी शार्प’, काळी दोन ‘डी शार्प’, काळी तीन ‘एफ शार्प’, काळी चार ‘जी शार्प’, काळी पाच ‘ए शार्प’. पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. इथे ‘काळ्या चारमध्ये’ असं कधी म्हणू नये, पेटीवाला हसेल. ‘काळी चार’ हे अखंड नाव आहे, प्रत्यय शेवटी लागतो: काळी चारमध्ये, काळी चारला.

काळीपिवळीचंही तसंच. मुंबईत ती टॅक्सी. पण मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात काळीपिवळी म्हणजे तालुक्याच्या नाक्यावर ‘अजून दोन सीट’ म्हणत भरणारी जीप. गोष्ट कुठल्या गावात घडते ते पाहूनच वाहन ठरवावं.

पायरी ३ : वस्तू खरंच काळी आहे का?

स्वयंपाकघरात निम्म्या वेळा नाही. मराठीत ‘काळा’ म्हणजे गडद, त्याच जातीतल्या दुसऱ्या वस्तूपेक्षा गडद. जोडी कशाशी आहे ते पाहिलं की नाव पटतं.

काळं मीठ, म्हणजे पादेलोण, खड्यात गडद दिसतं पण दळल्यावर गुलाबीसर होतं. सैंधव वेगळं; पाककृतीत एकाच्या जागी दुसरं घातलं तर चव आणि वास दोन्ही बिघडतात. सिंधुदुर्गात आंबोळीबरोबर येतात ते काळे वाटाणे गडद तपकिरी असतात. करवंदाला ‘काळी मैना’ म्हणतात. आतून ते लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळला नाही त्याला त्या नावातलं लाडिकपण कळणं अवघड.

खरा घोळ काळ्या मसाल्याचा. पुण्यातल्या पुष्कळ घरांत काळा मसाला आणि गोडा मसाला ही एकाच डब्याची नावं: धने, तीळ, खोबरं, दगडफूल भाजून केलेला, बिनतिखटाचा किंवा जेमतेम तिखट. सोलापूर, मराठवाडा, खानदेशकडे काळा मसाला म्हणजे खमंग, गडद, चांगला झणझणीत. पाककृती लिहिताना नुसतं ‘दोन चमचे काळा मसाला’ लिहिणं म्हणजे वाचकाला वाऱ्यावर सोडणं आहे. कुठला ते लिहावं.

वाण्याकडे ‘काळं जिरं’ मागायच्या फंदात पडू नये. कुणी शहाजिरं देतो, कुणी कलौंजी, म्हणजे ज्याला कांद्याचं बी म्हणतात ते. नावानेच मागावं. काळे तीळ आणि कारळेही वेगळे. चटणी कारळ्यांची होते, श्राद्धाला लागतात ते काळे तीळ.

पायरी ४ : क्रियापद कोणतं आहे?

नुसत्या ‘काळं’वरून अर्थ लागत नाही, पुढचं क्रियापद बघावं लागतं.

‘काळं पडणं’ निरुपद्रवी आहे: केळं काळं पडतं, उन्हात चेहरा काळा पडतो. ‘काळवंडणं’ त्याच्या जवळचं, पण त्यात तेज गेल्याची खंत असते, म्हणून चांदी काळवंडते आणि वाईट बातमी ऐकून चेहराही काळवंडतो. ‘काळंनिळं होणं’ मार लागून किंवा विष चढून.

‘काळं फासणं’ इथून प्रकरण गंभीर होतं. कुळाच्या तोंडाला काळं फासलं म्हणजे अब्रू घालवली. गंमत अशी की राजकारणाच्या बातमीत हेच शब्दशः घडतं, कुणीतरी खरोखर शाई किंवा वंगण घेऊन येतो. म्हणून बातमी भाषांतरित करताना आधी फोटो पाहावा. ‘काळिमा फासणं’ मात्र कायम अब्रूचंच; काळिमा कुणी बाटलीत घेऊन येत नाही.

‘तोंड काळं करणं’ याला दोन अर्थ आहेत. आज्ञार्थी आलं, ‘कर तोंड काळं इथून’, तर चालता हो. भूतकाळात आलं, ‘तोंड काळं करून आला’, तर लाज वाटावी असं काही केलं. बाईच्या बाबतीत हा दुसरा अर्थ जवळपास नेहमी चारित्र्यावरच जातो, त्यामुळे संवादलेखकाने तो विचारपूर्वक वापरावा. पुरुष पात्राच्या तोंडी आणि बाईच्या वाट्याला आला की त्याची धार दुप्पट होते.

‘काळंबेरं’ याला क्रियापद लागतं ते ‘असणं’ किंवा ‘दिसणं’. व्यवहारात काहीतरी काळंबेरं आहे, म्हणजे लपवाछपवी आहे. हिंदीवरून उचललेलं ‘डाळीत काळं’ आता मराठी मालिकांत सर्रास ऐकू येतं. आपल्याकडे ‘काळंबेरं’ आहे, ‘पाणी मुरतंय’ आहे. डाळ कशाला नासवायची?

चांगल्या अर्थाच्याही जागा आहेत. ‘पांढऱ्यावर काळं करणं’ म्हणजे लिहिणं, चार अक्षरं शिकणं. ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणजे न पुसणारा, न बदलणारा शब्द. आणि ‘काळं कुत्रं विचारत नाही’ यात कुत्र्याचा रंग निमित्तमात्र, सांगायचं एवढंच की कुणीही विचारत नाही.

पायरी ५ : शेपटाकडे बघा

‘खूप काळा’ असं मराठी माणूस क्वचितच म्हणतो. त्यासाठी शब्दाला शेपूट जोडतो आणि बोलणाऱ्याचं मत त्या शेपटात असतं.

काळेभोर केस, काळेभोर डोळे: यात कौतुक आहे. केसांना ‘काळेकुट्ट’ म्हटलं तर ते कौतुक राहत नाही. काळाकुट्ट अंधार, काळेकुट्ट ढग. त्यात दडपण, नकोसेपणा. काळीकुळकुळीत म्हैस, कारण कुळकुळीतला तकाकी लागते, अंगावर तेल ओतल्यासारखी. डोहाचं पाणी काळंशार, खोल आणि स्थिर. कडा किंवा राक्षस काळाकभिन्न. कभिन्नला आकार आणि भीती हवी, म्हणून काळाकभिन्न मणी असत नाही. काळाठिक्कर पडतो तो उन्हाने, मारानं किंवा धक्क्यानं, आधी तसा नसलेला. काळाबेंद्रा म्हणजे काळा आणि वर कुरूपही, ही शिवीच.

उलट्या दिशेने ‘काळसर’ आणि ‘काळपट’. काळसर म्हणजे थोडा काळा, तटस्थ. काळपटात मळकेपणा आहे. साडीच्या वर्णनात ‘काळपट लाल’ लिहिणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावेल, ‘काळसर लाल’ लिहिणारा कदाचित विकेल.

व्याकरण एवढंच सांभाळायचं: पहिला भाग बदलतो, भोर, कुट्ट, शार, कभिन्न, कुळकुळीत, ठिक्कर तसेच राहतात. काळेभोर केस, काळ्याभोर केसांत. ‘बेंद्रा’ तेवढा बदलतो: काळीबेंद्री.

पायरी ६ : शुभ की अशुभ, हे प्रसंगाला विचारा

‘काळा म्हणजे अशुभ’ असं सरसकट लिहिणाऱ्याने मराठी घर नीट पाहिलेलं नाही. लग्नाच्या मांडवात नवरी काळी साडी नेसत नाही हे खरं. पण त्याच लग्नात तिच्या गळ्यात येतात ते काळे मणी. पुढे लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिला मुद्दाम काळी साडी घेतात, तिच्यावर पांढरे हलव्याचे दागिने घालतात. बोरन्हाणाला बाळालाही काळं झबलं असतं. ऐन थंडीतला सण, काळा रंग ऊब धरतो, असं कारण सांगितलं जातं. आणि पांढरा हलवा काळ्यावर उठून दिसतो हे तर डोळ्यांना दिसतंच.

दृष्टीच्या बाबतीत काळा रंग राखणदार. बाळाच्या गालावर तीट, पायात काळा दोरा, नव्या घराला काळी बाहुली. पण भाषेने इथे कोलांटी मारली आहे. गालबोट लावतात ते दृष्ट लागू नये म्हणून, आणि वर्तमानपत्रात ‘मिरवणुकीला गालबोट लागलं’ म्हणजे मिरवणुकीत मारामारी झाली. लावलं तर चांगलं, लागलं तर वाईट.

सार्वजनिक जीवनात काळा बहुतेक निषेधाचा: काळे झेंडे, काळ्या फिती, काळा कायदा. बेळगावात १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी तिथला मराठी भाषक ‘काळा दिन’ पाळतो. ‘काळं पाणी’ म्हणजे अंदमान, तिथली जन्मठेप. आता लांबच्या, नको असलेल्या बदलीलाही गमतीने म्हणतात.

पायरी ७ : काळा, कृष्ण की ब्लॅक?

लिहिणाऱ्यांसाठी ही पायरी. शास्त्र आणि औपचारिक लिखाणात संस्कृत रूप येतं: कृष्णविवर, कृष्णधवल चित्रपट, कृष्णपक्ष. पंचांगात मात्र आपण ‘वद्य’ म्हणतो. ‘काळं विवर’ कुणी लिहीत नाही आणि ‘कृष्ण पैसा’ लिहिला तर लोक देवस्थानाचा समजतील. पैसा आणि बाजार काळेच.

‘ब्लॅक’ला स्वतःची जागा आहे. तिकीट ‘ब्लॅकने’ घेतात. ब्लॅक कॉफीला काळी कॉफी म्हणू नये. दूध न घातलेल्या चहाला मात्र आपला शब्द आहे, कोरा चहा. शाळेतल्या ब्लॅकबोर्डला फळा म्हणतात आणि तो हिरवा असला तरी फळाच, म्हणून ‘काळा फळा’ लिहायची गरज पडत नाही. विमानाचा ब्लॅक बॉक्स ‘ब्लॅक बॉक्स’च ठेवावा, तो असतो भडक नारिंगी, अपघातानंतर सापडावा म्हणून.

पायरी ८ : माणसाबद्दल असेल तर दोनदा वाचा

विठ्ठलाला काळा म्हणण्यात भक्ती आहे, शेजाऱ्याच्या मुलीला म्हणण्यात नाही. लग्नाच्या जाहिरातींनी सावळा, निमगोरा, गव्हाळ असे शब्द रुळवले. ते वरकरणी सौम्य आहेत, पण मोजपट्टी तीच गोऱ्याची. कथेत पात्राचा वर्ण सांगणं खरंच गरजेचं असेल तर सावळा किंवा काळासावळा चालतं. नसेल तर तो तपशील गाळून कथेचं काहीच बिघडत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘काळा’, ‘काळ्या’ हे शब्द आफ्रिकन-अमेरिकन माणसांबद्दल सहज वापरले जातात, समोरच्याला मराठी कळत नाही या भरवशावर. मुलांना कळतं. लिखाणात ‘कृष्णवर्णीय’ वापरावा, आणि जुन्या पुस्तकांतला ‘हबशी’ आजच्या माणसासाठी वापरू नये.

हात साफ करायला पाच वाक्यं

आधी स्वतः अर्थ लावा, मग खाली पाहा.

१. काळ्यावर विश्वास ठेवू नकोस.
२. काळावर विश्वास ठेव.
३. आजोबांच्या वेळी पांढरी इथे होती, धरणात गेली.
४. त्यांची काळी पाच, माझी काळी दोन; जमायचं कसं?
५. काळीला यंदा ओल आहे.

पहिल्यात ‘य’ आहे, म्हणून काळा माणूस किंवा तसं टोपणनाव असलेला कुणी. दुसऱ्यात ‘य’ नाही, वेळ. तिसऱ्यात गावठाण बुडालं, एखादी गोरी बाई नव्हे. चौथ्यात पट्टी, बहुधा एक गायिका आणि एक गायक द्वंद्वगीताच्या अडचणीत आहेत. पाचव्यात जमीन, आणि बोलणारा रब्बीच्या तयारीत.